वेलास्केझकडून कोणी काय नेले?

‘अमक्यावर तमक्याचा प्रभाव होता’ हे वाक्य चित्रकलेवरच्या लिखाणात इतक्या सहज येते, की ते वाचून आपण न थांबता पुढे जातो. पण प्रभाव पडतो तेव्हा नेमके घडते काय? माद्रिदच्या दरबारी चित्रकाराचे चित्र दोनशे वर्षांनी पॅरिसच्या आणि तीनशे वर्षांनी लंडनच्या चित्रकाराच्या हातापर्यंत पोहोचते कसे? तो त्यातले काय उचलतो आणि काय सोडून देतो? स्पॅनिश चित्रकलेत या प्रश्नांची उत्तरे बरीच स्पष्ट मिळतात. कोणी कोणते चित्र कुठे आणि केव्हा पाहिले, याच्या नोंदी तिथे टिकून आहेत. म्हणून दिएगो वेलास्केझ या एका चित्रकारापासून निघू आणि त्याच्याकडून कोणी काय नेले ते क्रमाने पाहू.

आधी मूळ चित्र

वेलास्केझ १५९९ साली सेव्हिल शहरात जन्मला, १६२३ मध्ये राजा चौथा फिलिप याचा दरबारी चित्रकार झाला आणि १६६० मध्ये मरेपर्यंत त्याच दरबारात राहिला. १६५६ साली त्याने ‘लास मेनिनास’ रंगवले. सव्वातीन मीटर उंच आणि पावणेतीन मीटर रुंद असे हे चित्र आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे.

चित्रात राजवाड्यातले एक उंच दालन दिसते. मधोमध पाच वर्षांची राजकन्या मार्गारीता उभी आहे आणि दोन तरुण सेविका तिच्या दिमतीला वाकल्या आहेत. उजवीकडे मारीबार्बोला ही ठेंगणी स्त्री आहे. तिच्या शेजारचा निकोलास पेर्तुसातो पेंगुळलेल्या मोठ्या कुत्र्यावर पाय ठेवून त्याला डिवचतो आहे. डावीकडे एका प्रचंड कॅनव्हासची मागची बाजू दिसते आणि त्याच्याजवळ हातात कुंचला घेऊन खुद्द वेलास्केझ उभा आहे. मागच्या भिंतीतल्या उघड्या दारातून एक दरबारी पायऱ्यांवर थबकून वळून पाहतो. दारालगतच्या लहान आरशात राजा आणि राणी अंधूक दिसतात.

खरी गंमत या आरशात आहे. राजाराणी आरशात दिसतात, पण खोलीत कुठेच नाहीत. मग ते उभे असणार चित्राच्या अलीकडे, म्हणजे नेमके आपण उभे आहोत तिथे. वेलास्केझ त्या मोठ्या कॅनव्हासवर त्यांना रंगवतो आहे, की राजकन्येला, की हेच चित्र? आरशात खरी माणसे दिसतात, की कॅनव्हासवरची रंगवलेली? चित्र उत्तर देत नाही. पाहणाऱ्यालाच चित्राच्या रचनेत ओढून घेण्याची ही युक्ती पुढच्या चित्रकारांना पुरून उरली.

दुसरी गोष्ट हाताची. राजकन्येच्या बाहीवरची चंदेरी कलाकुसर अगदी जवळून पाहिली, तर तिथे कलाकुसर नसतेच. असतात ते पांढऱ्या आणि करड्या रंगाचे तुटक, झपाझप मारलेले फटकारे. चार पावले मागे सरले की त्यांचेच कापड होते. धागा न् धागा रंगवण्याऐवजी वेलास्केझ त्या धाग्यावर पडलेला उजेड रंगवतो आणि उरलेले काम आपल्या डोळ्यांवर सोपवतो. आधी तपशीलवार रेखाटन करून ते भरत जाण्याची त्याची रीत नव्हती. त्याच्या हातची रेखाटने फारच थोडी उरली आहेत आणि क्ष-किरण तपासणीत त्याने कॅनव्हासवरच केलेले अनेक बदल दिसतात.

तिसरी गोष्ट हवेची. चित्राचा जवळजवळ अर्धा वरचा भाग रिकामा, काळसर आहे. त्या अंधारामुळे दालनाची खोली जाणवते आणि माणसांच्या भोवती हवा असल्यासारखी वाटते.

आरसा, हात आणि हवा या तीन गोष्टी ध्यानात ठेवल्या, की पुढचा माग काढणे सोपे जाते.

अर्थात वेलास्केझही रिकाम्या हाताने आला नव्हता. स्पेनच्या राजांनी जमवलेली तिशियनची चित्रे त्याच्या रोजच्या नजरेसमोर होती. १६२८ मध्ये रूबेन्स माद्रिदला आला, तेव्हा वेलास्केझने त्याला काम करताना पाहिले आणि पुढच्याच वर्षी तो इटलीला निघाला. मोकळा फटकारा त्याने व्हेनिसच्या चित्रकारांकडून घेतला आणि इतरांच्या मानाने किती तरी पुढे नेला.

चित्र दिसणार कोणाला?

प्रभावाची पहिली अट अगदी साधी आहे, ती म्हणजे चित्र दिसले पाहिजे. ‘लास मेनिनास’ राजाच्या खासगी दालनात होते. दरबारात वावर नसलेल्याला ते पाहायला मिळण्याची सोय नव्हती. १७२४ मध्ये आंतोनियो पालोमिनो या चित्रकार-लेखकाने त्याचे सविस्तर वर्णन छापले आणि चित्रातल्या माणसांची नावे दिली. आज आपण ती नावे घेतो ती मुख्यतः त्याच्या आधारे. १७३४ च्या नाताळाच्या सुमारास राजवाड्याला आग लागली आणि शेकडो चित्रे जळाली. हे चित्र वाचले, मात्र राजकन्येच्या गालाला इजा झाली आणि तो भाग पुन्हा रंगवावा लागला.

बंद दार पहिल्यांदा किलकिले केले ते छापचित्रांनी. १७७८ मध्ये तरुण फ्रान्सिस्को गोयाने राजसंग्रहातल्या वेलास्केझच्या चित्रांवरून तांब्याच्या पत्र्यावर आम्लरेखने केली आणि ती विक्रीला काढली. १८१९ मध्ये प्रादो संग्रहालय उघडले आणि राजाची चित्रे लोकांसमोर आली. पुढे १८३० च्या दशकात स्पॅनिश सरकारने मठांच्या मालमत्ता जप्त केल्या, तेव्हा त्यांतली पुष्कळ चित्रे बाजारात आली. फ्रान्सचा राजा लुई फिलिप याने माणसे पाठवून ती विकत घेतली आणि १८३८ मध्ये लूव्र संग्रहालयात चारशेहून अधिक चित्रांचे स्पॅनिश दालन उघडले. १८४८ च्या क्रांतीत राजाची गादी गेली, दालन बंद झाले आणि चित्रे १८५३ मध्ये लंडनला लिलावात निघाली. पण त्या दहा वर्षांत पॅरिसच्या एका पिढीला स्पेनची चटक लागली होती.

१८६४ मध्ये माद्रिदहून फ्रान्सच्या सरहद्दीपर्यंतचा लोहमार्ग पूर्ण झाला. पॅरिसचा चित्रकार आता आगगाडीने माद्रिद गाठू शकत होता. पुढच्याच वर्षी एकाने ते केले.

जावई आणि गोया

त्याच्याकडे वळण्याआधी दोन स्पॅनिश वारस पाहू. पहिला वारस घरातलाच होता. वेलास्केझचा जावई हुआन बाउतिस्ता मार्तिनेझ देल माझो हा त्याच्याच कार्यशाळेत तयार झाला आणि सासऱ्यानंतर दरबारी चित्रकार झाला. त्याने सासऱ्याची शैली इतकी आत्मसात केली, की त्याची काही चित्रे दीर्घकाळ वेलास्केझच्या नावावर खपली. त्याने सगळे घेतले. म्हणूनच त्याचे नाव आज जाणकारांपलीकडे फारसे कोणाला ठाऊक नाही.

गोयाचे तसे नव्हते. आम्लरेखन करताना त्याला वेलास्केझचा प्रत्येक फटकारा रेघेत उतरवावा लागला. एखादे चित्र समजून घेण्याचा याहून कसून मार्ग नाही. बावीस वर्षांनी, १८०० साली, स्पेनचा राजा चौथा कार्लोस याच्या कुटुंबाचे मोठे चित्र रंगवायला घेतले तेव्हा त्याने ‘लास मेनिनास’मधली एक गोष्ट उचलली. राजघराण्याच्या मागे, डाव्या कोपऱ्यातल्या सावलीत, कॅनव्हाससमोर त्याने स्वतःला उभे केले. पण आरसा नाही, उघडे दार नाही, खोल दालनही नाही. राजाराणी आणि मंडळी भिंतीपुढे ओळीने उभी आहेत. वेलास्केझकडे राजा आरशातल्या धुक्यात होता. गोयाकडे तो भर उजेडात, पदकांच्या झगमगाटात आणि आहे तसा, सामान्य चेहऱ्याचा दिसतो. त्याने युक्ती घेतली आणि अर्थ पालटला.

मॅने: हवेचा धडा

१८६५ च्या सालोनमध्ये, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत चित्रप्रदर्शनात, एद्वार मॅनेच्या ‘ऑलिंपिया’ या चित्राची जबर टवाळी झाली. त्याच वर्षी तो आगगाडीने माद्रिदला गेला. मुक्काम थोड्याच दिवसांचा होता, पण माद्रिदहून त्याने मित्र फांतँ-लातूर याला लिहिलेल्या पत्रात वेलास्केझला चित्रकारांचा चित्रकार म्हटले. त्याला सर्वांत भावले ते ‘लास मेनिनास’ नव्हे. पाब्लो दे वायादोलिद या दरबारी विदूषकाच्या पूर्णाकृती चित्राने त्याला वेड लावले. त्या चित्रात काळ्या कपड्यातला माणूस हात पसरून उभा आहे. भिंत आणि जमीन यांना विभागणारी रेघच नाही. पायाशी सावलीचा एक डाग आहे, बाकी सगळा करडा, पिवळसर अवकाश. तरीही माणूस तरंगत नाही, घट्ट उभा राहतो.

परतल्यावर १८६६ मध्ये मॅनेने ‘बासरीवाला’ रंगवला. लष्करी गणवेशातला मुलगा सपाट करड्या पार्श्वभूमीवर उभा आहे. क्षितिज नाही, भिंत नाही, पायाशी थोडीशी सावली आहे. माद्रिदचा धडा इथे जसाच्या तसा दिसतो. पण दरबारी विदूषकाची जागा रस्त्यावर दिसेल अशा पोराने घेतली आहे आणि रंग ठळक, सपाट पट्ट्यांत मांडले आहेत. सालोनने हे चित्र नाकारले. आधुनिक चित्रकलेचा इतिहास लिहिणारे मात्र त्याच्यापाशी हमखास थांबतात.

मॅनेबद्दलची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. माद्रिदला जाण्यापूर्वी त्याने लूव्रमध्ये वेलास्केझचे म्हणून लावलेले सरदारांच्या घोळक्याचे एक चित्र मनापासून अभ्यासले होते. ते वेलास्केझच्या हातचे नाही असे आता मानले जाते. शिष्याला शिकायचे असेल, तर गुरूच्या नावाने लागलेले चित्रही कामी येते.

अमेरिकी चित्रकार जॉन सिंगर सार्जंट १८७९ मध्ये प्रादोत बसून ‘लास मेनिनास’ची प्रत करत होता. त्याचे पॅरिसमधले गुरू कारोलुस-ड्युराँ विद्यार्थ्यांना सतत वेलास्केझचा अभ्यास करायला सांगत. तीन वर्षांनी सार्जंटने बोइट कुटुंबातल्या चार मुलींचे चौकोनी, भलेमोठे चित्र काढले. मुली एकमेकींपासून सुट्या, विखुरलेल्या आहेत आणि मागे काळोखात बुडालेली खोली आहे. पांढऱ्या झग्यांवरचे फटकारे जवळून पाहिले तर नुसता रंग, लांबून कडक इस्त्रीचे कापड. २०१० मध्ये हे चित्र बोस्टनहून प्रादोत आणून ‘लास मेनिनास’च्या जवळ लावण्यात आले, तेव्हा नाते सर्वांना डोळ्यांनी पाहता आले.

बंदुकांची रांग

गोया वारस होता तसा पूर्वजही झाला. १८०८ च्या मे महिन्यात माद्रिदच्या लोकांनी नेपोलियनच्या सैन्याविरुद्ध उठाव केला आणि पकडलेल्यांना फ्रेंचांनी रात्री गोळ्या घातल्या. १८१४ मध्ये गोयाने ते दृश्य रंगवले. उजवीकडे पाठमोरे, चेहरा नसलेले शिपाई एका रांगेत वाकून नेम धरतात. जमिनीवर कंदील आहे आणि त्याच्या उजेडात पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस दोन्ही हात पसरून उभा आहे. मरणाऱ्याला चेहरा आहे, मारणाऱ्याला नाही. युद्धचित्रांत सेनापतीचा पराक्रम दाखवण्याची जुनी रीत इथे मोडली.

जून १८६७ मध्ये मेक्सिकोचा सम्राट माक्सिमिलियन याला गोळ्या घालण्यात आल्या. फ्रान्सनेच त्याला गादीवर बसवले होते आणि मग वाऱ्यावर सोडले होते. मॅनेने १८६७ ते १८६९ या काळात हा प्रसंग पुन्हा पुन्हा रंगवला. रांग गोयाचीच आहे, पण कंदिलाचा नाट्यमय उजेड नाही, पसरलेले हात नाहीत. भर दिवसा, थंडपणे काम उरकले जात आहे. एक शिपाई तर बाजूला उभा राहून आपली बंदूक तपासतो आहे. शिपायांचे गणवेश फ्रेंच सैन्यासारखे दिसतात. सरकारला त्यातला टोमणा कळला आणि चित्र फ्रान्समध्ये दाखवता आले नाही.

१९५१ मध्ये पाब्लो पिकासोने ‘कोरियातील हत्याकांड’ रंगवले. उजवीकडे यंत्रासारख्या चिलखतातली पथके, डावीकडे विवस्त्र बायका आणि मुले. गोयाने शिपायांचे चेहरे लपवले होते, पिकासोने त्यांच्यातले माणूसपणच काढून टाकले. एकच रांग तीन युद्धांतून चालत आली आणि प्रत्येकाने आपल्या काळाचा आरोप तिच्यात भरला.

पिकासोचे अठ्ठावन्न कॅनव्हास

पिकासोने लहान वयात वडिलांबरोबर प्रादो पाहिले होते आणि १८९७ मध्ये माद्रिदला शिकायला आल्यावर तिथे बसून वेलास्केझच्या चित्रावरून प्रतही केली होती. त्याच्यासमोर आणखी एक स्पॅनिश पूर्वज होता, तो म्हणजे एल ग्रेको. क्रीटमध्ये जन्मलेला आणि तोलेदोत १६१४ मध्ये वारलेला हा चित्रकार जवळजवळ विस्मरणात गेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा नव्याने शोध लागला आणि १९०२ मध्ये प्रादोने त्याच्या चित्रांचे प्रदर्शन भरवले. त्याचे ‘पाचव्या मुद्रेचे उघडणे’ हे चित्र पॅरिसमध्ये इग्नासियो सुलोआगा या चित्रकाराच्या संग्रही होते आणि पिकासोने ते तिथे पाहिले. त्यातल्या लांबट, वळलेल्या नग्न आकृती आणि दगडासारखी टोकदार वस्त्रे १९०७ च्या ‘आव्हिन्याँच्या तरुणी’ या चित्रात जाणकारांना ओळखू येतात. आफ्रिकी मुखवटे आणि प्राचीन आयबेरियन शिल्पे यांचाही त्या चित्रात वाटा आहे.

१९३६ मध्ये स्पॅनिश प्रजासत्ताकाने पिकासोला प्रादोचा मानद संचालक नेमले. यादवी युद्धात प्रजासत्ताक हरले, हुकूमशहा फ्रँकोची सत्ता आली आणि पिकासोने पुन्हा मायदेशी पाऊल ठेवले नाही. १९५७ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या कान शहरातल्या घरात त्याने ‘लास मेनिनास’ रंगवायला घेतले आणि डिसेंबरअखेर ५८ कॅनव्हास पूर्ण केले. त्यांतले ४४ थेट मूळ चित्रावर आहेत. उरलेल्यांत खिडकीतली कबुतरे, काही निसर्गदृश्ये आणि दोन इतर चित्रे आहेत.

पहिल्याच मोठ्या कॅनव्हासवर उभे चित्र आडवे झाले आणि रंग जाऊन करड्या छटा उरल्या. चित्रकार छताला टेकेल एवढा वाढला. मूळ चित्रातल्या भल्या दांडग्या कुत्र्याच्या जागी घरात बागडणारे छोटे डॅक्सहुंड कुत्रे आले. छतातले दिव्याचे आकडे, ज्यांच्याकडे मूळ चित्रात कोणाचे लक्षही जात नाही, ते इथे ठळक झाले. पुढच्या कॅनव्हासांत कधी नुसती राजकन्या, कधी नुसती सेविका. एकच बंदीश घेऊन गवई रात्रभर नवनव्या जागा शोधत राहावा, तसा हा प्रकार आहे. १९६८ मध्ये पिकासोने ही सगळी मालिका बार्सिलोनाच्या पिकासो संग्रहालयाला दिली, मित्र हाइमे साबार्तेसच्या स्मरणार्थ.

बेकन, आणि मुंबई

१६५० मध्ये रोममध्ये असताना वेलास्केझने पोप दहावा इनोसंट याचे व्यक्तिचित्र काढले. लाल रेशमात बसलेला, संशयी नजरेचा म्हातारा. फ्रान्सिस बेकन या लंडनच्या चित्रकाराने १९५० आणि १९६० च्या दशकांत या चित्रावरून चाळीसहून अधिक चित्रे केली. १९५३ चे सर्वांत गाजलेले चित्र अमेरिकेत दे मॉइन शहरात आहे. त्यात पोप ओरडतो आहे आणि वरून खाली आलेल्या फटकाऱ्यांच्या पडद्याआड विरघळतो आहे. तो उघडा जबडा आला आयझेनस्टाइनच्या १९२५ च्या ‘बॅटलशिप पोटेमकिन’ चित्रपटातून. विशेष म्हणजे १९५४ मध्ये रोमला जाऊनही बेकनने मूळ चित्र पाहिले नाही. पुस्तकात छापलेल्या प्रतींवरच त्याचे काम चालले. राजवाडा, तांब्याचा पत्रा, संग्रहालय, आगगाडी यांच्यानंतरचा हा पुढचा रस्ता, छापील छायाचित्राचा.

या रस्त्याची एक वाट मुंबईपर्यंत येते. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले तय्यब मेहता १९५९ ते १९६४ या काळात लंडनला होते. तिथे पाहिलेल्या बेकनच्या कामाचा ठसा त्यांच्या त्या काळातल्या पिळवटलेल्या, एकाकी मानवाकृतींवर दिसतो. पुढे त्यांनी रंगांचे जाड थर सोडून दिले आणि सपाट, स्वच्छ रंगांचे तुकडे स्वीकारले. कोसळणारा माणूस मात्र राहिला. गोव्यातल्या साळगावात जन्मलेल्या आणि १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभारण्यात पुढाकार घेणाऱ्या फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या जाड काळ्या रेघांतही पिकासोचा अंश आहे. लहानपणी गोव्याच्या चर्चमध्ये पाहिलेल्या ख्रिस्तप्रतिमांशी तो त्यांनी जोडला.

निकाल

हा सगळा माग एकत्र पाहिला की एक गोष्ट ठळक होते. गोयाने कॅनव्हाससमोर उभा असलेला चित्रकार नेला, मॅनेने हवा, सार्जंटने हात आणि अंधार, पिकासोने चित्राची रचना, बेकनने एक लाल आसन आणि एक नजर. जावई माझोने सगळेच नेले आणि तो सासऱ्याच्या सावलीत राहिला. मोठा वारस फार थोडे घेतो, जे घेतले त्याचा अर्थ पालटतो आणि बाकीचे निर्धास्तपणे सोडून देतो.

म्हणून यापुढे कुठल्याही प्रदर्शनात ‘अमक्याचा प्रभाव’ अशी पाटी वाचली, की तीन प्रश्न विचारून पाहा. या चित्रकाराने मूळ चित्र कुठे आणि कशाच्या रूपात पाहिले? त्यातले नेमके काय उचलले? आणि काय सोडले? पहिले दोन प्रश्न इतिहासाचे आहेत. चित्रकाराची कुवत कळते ती तिसऱ्याच्या उत्तरात.